मानाचं हाड

[डोंगराच्या पायथ्याचं एक किरगीज गाव. मेंढ्या घेऊन वरच्या कुरणांवर जायचे दिवस तोंडावर आलेले. मेंढवाड्यामागची जागा, जिथलं रस्त्यावरून काही दिसत नाही. मुकाश, त्याची बायको अनिपा आणि तोरू नावाचा तांबडा घोडा.]

मुकाश : तोंडाशी धर, अनिपा. कानाशी नाही. कानाला हात लागला की त्याला वाटतं, आता सुई टोचणार.

अनिपा : तोंडाशीच धरलाय. तुम्ही ती काठी आधी खाली टाका. तो तुम्हाला बिचकत नाहीये, काठीला बिचकतोय.

मुकाश : काठी टाकली तर उभा कशाच्या आधारानं राहू?

अनिपा : माझ्या खांद्यावर हात ठेवा.

मुकाश : तुझ्या खांद्यावर हात ठेवायचा तर तुझ्या पाठीवरच बसतो की. घोडा कशाला हवा?

अनिपा : बसा. इतकी वर्षं काय वेगळं करताय?

मुकाश : हसवू नकोस. तोल जातो. हं, आता उजवा पाय रिकिबीत घालतो, तू त्याला हलू देऊ नकोस... सरकला बघ. परत सरकला. जन्मात कोणी ज्या बाजूनं आलं नाही त्या बाजूनं मी येतोय, तर तो म्हणतो, हा कोण चोर.

अनिपा : मग काय चुकलं त्याचं? घोड्यावर डावीकडून चढतात हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मेंढवाड्यामागं लपून उजवीकडून चढणारा माणूस दुसरा कोण असणार?

मुकाश : डावीकडून चढायचं म्हणजे सगळा भार डाव्या पावलावर. त्या पावलात काय राहिलंय ते तुला माहीत नाही?

अनिपा : मला नाही तर कोणाला माहीत असणार? हिवाळाभर अस्वलाची चरबी चोळली आहे मी त्याला. अजून माझ्या हाताच्या रोटीला तुम्ही नाक मुरडता.

मुकाश : चरबीनं गुण आला. सूज उतरली.

अनिपा : सूज उतरली. घोटा कुठं वळतोय?

मुकाश : वळेल.

अनिपा : दमलात. त्या ट्रॉलीच्या फळीवर बसा जरा. तोरूलाही दम खाऊ दे.

मुकाश : मी दमलो नाही. घाम डोळ्यांत गेलाय.

अनिपा : बसून पुसा. आणि एवढी घाई कशाची ते तरी सांगा. परवापर्यंत म्हणत होता, पाय अजून मोकळा होऊ दे, घोड्याचं नंतर बघू. काल गावजेवणाहून आलात आणि सरळ अंथरुणात शिरलात. आज उजाडत नाही तोच मला उठवून इथं आणलंत.

मुकाश : काल पोट जड झालं होतं.

अनिपा : न खाताच? तुम्ही घरी आणलेलं गाठोडं मी सोडलं. त्या मांसाला तुम्ही दातही लावला नाहीत.

मुकाश : सोडून बघितलंस ना? मग विचारतेस कशाला?

अनिपा : तुमच्या तोंडून ऐकायचंय.

मुकाश : कमरेचं हाड होतं.

अनिपा : ते मलाही दिसलं. पंगतीतल्या सगळ्यात मोठ्या माणसाला देतात ते. लोक म्हणतील, केवढा मान.

मुकाश : बेक्तुरआबांना देतात ते. तोंडात दात नाही, उन्हाळाभर गावात चुलीपाशी बसून असतात, त्यांना देतात. मला नळी मिळते. मेंढ्या घेऊन वर जाणाऱ्याला पायाची नळी, माझ्या बापालाही तीच मिळायची. फोडायची, आतलं चोखायचं आणि निघायचं. काल थाळी फिरत फिरत माझ्यापाशी आली. मी सवयीनं हात पुढं केला, तर वाढणाऱ्यानं थाळी तशीच पुढं नेली. मला वाटलं, विसरला. मग दोन्ही हातांनी कमरेचं हाड आणून माझ्यापुढं ठेवलं. सगळे माझ्याकडं बघत होते, अगदी प्रेमानं.

अनिपा : आणि नळी कोणाला?

मुकाश : तालायला.

अनिपा : तुमच्याच चुलतभावाला. त्याला तुम्हीच तर वर नेऊन सगळं शिकवलंत.

मुकाश : त्याचा काय दोष? त्यानं मागितली नाही. मान खाली घालून बसला होता. हातात नळी घेतली आणि धरून बसला, फोडलीच नाही.

अनिपा : कोणी काही बोललं?

मुकाश : बोलायचं कशाला? गावच्या मेंढ्या यंदा तालायबरोबर जाणार, हे सांगून झालं की. एकजण वाकडं बोलला असता तर मी भांडलो असतो. मान देणाऱ्याशी भांडायचं कसं, सांग.

अनिपा : म्हणून आज हा खेळ.

मुकाश : खेळ नाही. तोरूवर बसून गावातून एक फेरी मारायची. बेक्तुरआबांच्या दारावरून, दुकानावरून, शाळेवरून. काही बोलायचं नाही. लोकांनी बघितलं की झालं. घोड्यावर बसलेल्या माणसाला कमरेचं हाड दिलं, याची त्यांनाच लाज वाटेल.

अनिपा : आणि डॉक्टर?

मुकाश : डॉक्टरचं काय? पाय सुधारतोय म्हणाला.

अनिपा : असं म्हणाला?

मुकाश : उन्हाळ्यापर्यंत अजून मोकळा होईल म्हणाला. सांगितलं की तुला तेव्हाच.

अनिपा : तुम्ही बाकावर बसून बूट चढवत होता, तेव्हा त्यानं मला आत बोलावलं होतं. तुम्हाला जे सांगितलं तेच मलाही सांगितलं. हाडं एकमेकांना जुळवून टाकली आहेत, घोटा आता वळणार नाही. आज नाही आणि पुढंही नाही.

मुकाश : तुला तेव्हापासून माहीत आहे?

अनिपा : हो.

मुकाश : मग हिवाळाभर माझ्यासमोर चुको कशाला मांडायचीस? मेंढीच्या घोट्याची हाडं, पोरं खेळतात ती, आणि मी घोड्याएवढा माणूस पायाच्या बोटांनी एक एक उचलून वाटीत टाकतोय. एक पडलं की तू परत मांडायचीस.

अनिपा : त्या दवाखान्यातल्या बाईनं शिकवलं होतं ना, गोट्या उचला म्हणून. गोट्या आपल्याकडं नव्हत्या.

मुकाश : ते नाही विचारत मी. उपयोग नाही हे माहीत असून मांडायचीस?

अनिपा : तुम्ही उचलत होता म्हणून मांडत होते. नसती मांडली तर तुम्ही भिंतीकडं तोंड करून पडला असता. पहिल्या ऑपरेशननंतर पडला होता तसे.

मुकाश : पहिलं बरं झालं होतं. पहिल्या वेळी घोटा वाचला होता.

अनिपा : वाचला होता. तुम्हीच मोडलात.

मुकाश : डॉक्टर म्हणाला, पाय जमिनीला टेकवू नका. मी टेकवला नाही.

अनिपा : घोड्यावर बसून घोड्या शोधायला गेलात.

मुकाश : घोड्यावर बसलं की पाय जमिनीला लागतो का? बर्फ पडायला लागला होता, घोड्या खिंडीकडं गेल्या होत्या. तूही म्हणालीस, चालायचं तर नाहीये, बसून तर जायचंय.

अनिपा : म्हणाले. सगळं गाव म्हणालं. आपल्यात आजारी माणसाला घोड्यावर बसवतात, म्हाताऱ्याला बसवतात, पोटुशीला बसवतात. रिकिबीत उभं राहिलं की सगळं अंग त्या एका पावलावर येतं, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. त्या शहरातल्या डॉक्टरनं कपाळाला हात लावला. म्हणाला, घोड्यावर बसू नका हे वेगळं सांगायला हवं होतं का?

मुकाश : हवं होतं. आम्हाला सांगायला हवं होतं.

अनिपा : आता ते उगाळून काय होणार? चला घरी. चहा ठेवते.

मुकाश : नाही. ट्रॉलीशी आण त्याला.

अनिपा : कशाला?

मुकाश : फळी उंच आहे. फळीवर उभा राहतो, तिथून उजवा पाय घालायचा आणि डावा पलीकडं टाकायचा. आण त्याला. जवळ, अजून जवळ. पोट फळीला लागू दे.

अनिपा : वर डोंगरात कुठून आणणार तुम्ही ट्रॉली?

मुकाश : वर दगड आहेत. ट्रॉलीएवढे कितीतरी. आण म्हणतो ना.

अनिपा : हं, आला. उभा राहिलाय बघा. हो... हो... तोरू, शहाणा माझा. चढा.

मुकाश : धर... धर... आलो. अनिपा, आलो मी.

अनिपा : दिसतंय मला. डावा पाय घातलात का रिकिबीत?

मुकाश : ढकलला. घट्ट बसलाय. चल, सोड आता.

अनिपा : सोडू?

मुकाश : सोड. लगाम माझ्याकडं दे. तू बाजूला हो. चल रे तोरू. बघ, कसा चाललाय. विसरला नाही. दोघंही विसरलो नाही.

अनिपा : सावकाश. कुंपणाच्या आतूनच फिरवा.

मुकाश : इथून खिंड दिसते, अनिपा. बर्फ उतरलाय. डाव्या अंगाला तेवढा पांढरा पट्टा राहिलाय. या आठवड्यात वाट मोकळी होईल. खालून उभं राहून हे काही दिसत नाही. किती महिने झाले, मी सगळं माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवरून बघतोय.

अनिपा : पाठ सरळ झाली तुमची.

मुकाश : कसा दिसतो?

अनिपा : मुकाश दिसता.

मुकाश : नवऱ्याचं नाव घेतलंस?

अनिपा : घेतलं. तुमची आई ऐकायला नाहीये.

मुकाश : मला रात्री भीती वाटते, अनिपा. तुला सांगितलं नाही कधी. उन्हाळ्यात खाली राहिलेला बाप्या मी माझ्या घरात बघितलेला नाही. माझा बाप वरच गेला, त्याचा बापही. गावात उन्हाळ्यात माणसं काय करतात, सकाळी उठून कुठं जातात, मला ठाऊकच नाही. मी उठून कुठं जाऊ?

अनिपा : मला तरी कुठं ठाऊक आहे? खाली माश्या असतात म्हणे. आता उतरा. पहिल्या दिवसाला एवढं पुरे.

मुकाश : उतरतो. ट्रॉलीशी घेतो... हं. थांब.

अनिपा : काय झालं?

मुकाश : डावा पाय निघत नाहीये.

अनिपा : टाच खाली करा, मागं ओढा.

मुकाश : टाच खाली होते का माझी? तीच तर होत नाही. पाऊल फळीसारखं ताठ झालंय. बूट मोठा घेतला ना सुजेसाठी, तो रिकिबीत अडकलाय.

अनिपा : थांबा, मी ओढते.

मुकाश : आई गं! तिकडं नको. पिळू नकोस.

अनिपा : पिळल्याशिवाय कसा निघेल? तोरू, उभा राहा रे. बघा, तो चालायला लागला. आत्ता तुम्ही घसरला असता तर तुम्हाला ओढत नेलं असतं त्यानं.

मुकाश : माहीत आहे.

अनिपा : वर एकटे असता आणि असं झालं असतं तर?

मुकाश : माहीत आहे म्हटलं ना. कुत्रा का भुंकतोय?

अनिपा : कोणीतरी आलंय. तालाय आहे. घराकडं न जाता इकडंच येतोय.

मुकाश : लवकर काढ.

अनिपा : नाही निघत. हात लावला की तुम्ही ओरडता.

मुकाश : मग सोड. मी असाच बसतो. तू लांब उभी राहा आणि हस जरा. रोजचंच चाललंय असं दिसू दे.

तालाय : दादा आहेत का... अरे. दादा! तुम्ही... वहिनी, हे तर... म्हणजे, मी घरी हाक मारली, कोणी दिसलं नाही, म्हटलं मागं असतील.

मुकाश : ये तालाय. घोडा जरा फिरवत होतो. आखडला होता.

तालाय : घोडा आखडला होता. हो, हो. बरोबर आहे. म्हणजे, छानच. मला वाटलं नव्हतं... तसं नाही, वाटलं होतं, पण इतक्या लवकर नाही. आईनं बोरसोक तळून दिलेत, गरम आहेत. उतरा ना, चहाबरोबर खाऊ.

मुकाश : वहिनीकडं दे. मी इथूनच ऐकतो. बोल.

तालाय : काही नाही, सहजच. आपली चौकशी करावी म्हटलं. प्रकृती, झोप वगैरे...

मुकाश : आपली चौकशी? गेल्या वर्षी याच जागी मला लंगड्या बोकडाच्या जातीचा म्हणाला होतास, तेव्हा तर माझे दोन्ही पाय धड होते. आज एकदम आबांशी बोलतात तसं बोलायला लागलास?

तालाय : तसं नाही, दादा.

अनिपा : तालाय, पोटात आहे ते बोलून टाक. उन्हात मान वर करून किती वेळ उभा राहशील?

तालाय : विचारायला आलो होतो, वहिनी. म्हणजे, सल्ला. वरची नदी. यंदा पाणी लवकर सुटलंय. कोकरं घेऊन कुठून उतरवायचं? तुम्ही दर वेळी पुढं असायचा, मी शेपटाला. मी पुढचं कधी बघितलंच नाही.

मुकाश : दुहेरी खडकाच्या खालून. वरून नाही. वरून पाणी उथळ दिसतं, पण तळाचे दगड गोल आहेत. माझा घोडा तिथंच घसरला आणि माझ्या पायावर पडला. म्हणजे आता जागा नीट लक्षात राहील तुझ्या.

तालाय : हो. आणि लांडगे?

मुकाश : पहिल्या मुक्कामाला मेंढ्या ओढ्याच्या अलीकडं बसव. पलीकडं गवत चांगलं आहे म्हणून मोह होईल. मोह आवर.

तालाय : हो. दादा, एक बोलू का?

मुकाश : मघापासून बोलतोच आहेस.

तालाय : कालचं मला घशाखाली उतरलं नाही. नळी अजून घरी तशीच ठेवली आहे. आई म्हणाली, फोड, अपशकुन होतो. मी नाही फोडली. आणि आता तुम्हाला असं बघतोय. घोड्यावर. मी आत्ता बेक्तुरआबांकडं जातो. सांगतो, माझ्या डोळ्यांनी बघितलं, मुकाशदादा तोरूवर बसतो, पहिल्यासारखा. मेंढ्या दादाच्याच. मी नेहमीसारखा मागून येईन. कोणी नाही म्हणणार नाही. सगळ्यांना हेच हवंय, दादा. काल सगळे अपराध्यासारखे जेवले.

मुकाश : तू सांगशील?

तालाय : आत्ता जातो.

मुकाश : अनिपा, ऐकलंस?

अनिपा : ऐकलं.

मुकाश : तुला काय वाटतं?

अनिपा : मेंढ्या तुम्ही नेणार. बोलायचं तुम्ही. तुम्ही हो म्हणालात तर मी तंबू बांधायला घेते. मी मागं हटणार नाही. तेवढंच सांगते.

तालाय : जाऊ ना मी, दादा?

मुकाश : थांब. एक सांग. तू मागून येणार. शेपटाला. आणि मी पुढं, दुहेरी खडकाशी. एखादी मेंढी कडेला व्यायला बसली, कोकरू अडकलं, तर उतरणार कोण?

तालाय : तुम्ही. म्हणजे, पुढं असेल तो.

मुकाश : दिवसातून किती वेळा उतरतो रे आपण?

तालाय : मोजतंय कोण? सारखंच. चढ, उतर.

मुकाश : हं. इकडं ये. या बाजूला, डावीकडं. खाली वाकून माझा पाय बघ.

तालाय : काय बघू? बूट आहे... दादा, हा तर रुतलाय.

मुकाश : तू आलास तेव्हापासून रुतलेला आहे. तू चहाला बोलावलंस, मी उतरलो नाही. मला उतरता येत नव्हतं.

तालाय : मला सांगायचं की.

मुकाश : सांगतोय ना आता. लगाम धर.

तालाय : दादा, मी कोणाला काही बोलणार नाही. आपण वर जाऊन काहीतरी करू. मोठी रिकीब करून घेऊ. लोहाराला सांगतो...

मुकाश : तालाय. लगाम धर म्हटलं.

तालाय : धरला.

मुकाश : अनिपा, बुटाच्या नाड्या सोड. सगळ्या. बूट राहू दे रिकिबीत, पायच बाहेर काढू. मी ओरडलो तर लक्ष देऊ नकोस.

अनिपा : सोडल्या. ओढू?

मुकाश : ओढ.

अनिपा : आला. आला बाहेर. मोजा रक्तानं भरलाय तुमचा.

मुकाश : भरू दे. तालाय, खांदा दे.

तालाय : असा?

मुकाश : असा नाही. बेक्तुरआबा दारात आले की तू कसा देतोस? लगाम एका हातात, आणि खांदा त्यांच्या छातीपाशी. ते हात ठेवतात आणि तू हळू खाली बसतोस. तसा दे.

तालाय : दादा, नको ना.

मुकाश : लवकर दे.

तालाय : ठेवा हात. सावकाश. टेकला का उजवा?

मुकाश : टेकला. अनिपा, काठी. कुठं टाकलीस?

अनिपा : ही घ्या. फळीवर बसा. पाय वर घ्या, बघू दे मला.

मुकाश : नंतर बघ. तालाय, तो बूट काढून दे मला. रिकामा बूट लोंबताना बघवत नाही. आणि तोरूला घेऊन जा.

तालाय : तोरूला? कुठं?

मुकाश : वर. तुझा करडा नदीला घाबरतो. तोरूला पाणी ठाऊक आहे, तू लगाम ढिला सोड, तो बरोबर उतरवेल.

तालाय : हे मला जमणार नाही, दादा. माणूस मेल्यावर त्याचा घोडा नेतात असं वाटतंय मला.

मुकाश : मेलो असतो तर तुला इतकं ऐकून घ्यावं लागलं नसतं. ने. आणि घरी जाऊन नळी फोड. तुझी आई बरोबर सांगते.

तालाय : मग तुम्ही दोघं ट्रकमधून वर या. सामानाबरोबर. तंबूत बसा नुसते. मी संध्याकाळी येऊन सगळं विचारीन.

मुकाश : मी तंबूच्या दारात बसायचं आणि सगळ्यांनी माझ्यासमोरून घोड्यावर जायचं. मला नाही सोसायचं ते, तालाय. यंदा तरी नाही.

तालाय : वहिनी, तुम्ही तरी.

अनिपा : मी आले तर इथं यांना कोण बघणार? माझ्या घोड्या तेवढ्या बरोबर ने. दूध तुझ्या बायकोनं काढावं. तांबूस घोडी पान्हा चोरते, तिचं शिंगरू आधी लावायला सांग. आणि त्या दुधाचं आंबवलेलं किमिझ खाली पाठवत जा. गावातलं प्यायलं की माझं पोट दुखतं.

तालाय : पाठवीन. दर खेपेला पाठवीन. निघू मी?

मुकाश : निघ. वाट मोकळी असो.

अनिपा : तुम्ही तिकडं तोंड का फिरवलंत? तो वळून बघतोय तुमच्याकडं.

मुकाश : मला बघायचं नाही. तू बघ आणि सांग. चढला का?

अनिपा : चढला.

मुकाश : कोणत्या बाजूनं?

अनिपा : डावीकडून. दुसऱ्या कुठल्या बाजूनं चढणार?

मुकाश : तोरू सरकला?

अनिपा : नाही.

मुकाश : जरासुद्धा?

अनिपा : नाही. उभा राहिला. गेले आता. शाळेपाशी वळले.

मुकाश : बरं झालं. मला वाटलं, मी त्याला बिघडवून ठेवला.

अनिपा : उठा. मोजा चिकटून वाळायच्या आत पाय धुवायला हवा.

मुकाश : अनिपा, उद्या सकाळी उठून मी काय करू?

अनिपा : मला माहीत नाही.

मुकाश : काहीतरी सांग ना.

अनिपा : खोटं सांगू का? हिवाळाभर सांगितलं तेवढं पुरे नाही झालं?

मुकाश : झालं. हात दे. कालचं ते हाड कुठं ठेवलंस?

अनिपा : थंड खोलीत, ताटाखाली झाकून.

मुकाश : ऊन कर. चाकू दे माझा, आणि समोर येऊन बस. हे हाड एकट्यानं खायचं नसतं.